गेंटची सहल : मनोरे की चौक?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

बेल्जियममधील गेंट शहरासाठी आपल्या हाती एकच दिवस आहे आणि सोबत सत्तरी ओलांडलेली आई-वडील मंडळी आहेत. तिन्ही मनोरे आणि किल्ला एवढेच पाहावे, की चौकांसाठीही वेळ राखावा, हे गेंटकर सभासदांनी कळवावे, ही विनंती.

— सहल समितीच्या वतीने

—

ताई, नमस्कार.

मनोऱ्यांसाठी वेगळा वेळ काढू नये, असे माझे मत आहे. सेंट निकोलस चर्च, ९१ मीटर उंच घंटामनोरा आणि सेंट बाव्हो कॅथेड्रल हे तिन्ही सेंट मायकेल पुलावरून एका ओळीत दिसतात. कॅथेड्रलमध्ये मात्र व्हान आइक बंधूंचे १४३२ सालचे वेदीचित्र अवश्य पाहावे. त्यातील १९३४ साली चोरीला गेलेला एक फलक अजूनही सापडलेला नसून त्या जागी प्रतिकृती बसवलेली आहे.

उरलेला वेळ व्रेइडागमार्क्टला, म्हणजे शुक्रवारच्या बाजाराला द्यावा. पुण्याच्या पेठांची नावे अंगवळणी पडलेल्यांना हे नाव परके वाटणार नाही. फरक एवढाच, की इथे शुक्रवारी अजूनही बाजार भरतो. चौकाच्या मधोमध चौदाव्या शतकातील गेंटचा पुढारी याकोब व्हान आर्तेवेल्द याचा १८६३ सालचा पुतळा हात लांब करून उभा आहे, आणि तो हात इंग्लंडच्या दिशेने असल्याचे सांगतात. गेंटचे माग इंग्रजी लोकरीवर चालत. इंग्लंडने ती लोकर बंद करताच विणकरांची उपासमार सुरू झाली, तेव्हा फ्रान्सचा रोष पत्करून याने इंग्लंडशी संधान बांधले आणि १३४० मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने गेंटमध्येच स्वतःला फ्रान्सचा राजा म्हणून घोषित केले. पुढे मे १३४५ मध्ये मजुरीच्या वादावरून विणकर आणि कापड खुंदणारे कामगार याच चौकात एकमेकांवर तुटून पडले, आणि जुलैत खुद्द आर्तेवेल्दचाही गेंटच्याच लोकांनी जीव घेतला. पाचशे वर्षांनी त्यांनीच त्याचा पुतळा उभारला! चौकातून नदीकडे निघाले, की कोपऱ्यावर डुल्ले ग्रीट ही लाल रंगाची अजस्र तोफ दिसेल.

ग्रासलेइच्या घाटावर धान्याचे जुने दगडी कोठार आहे. लेइ नदीवरून येणाऱ्या धान्यातील ठरावीक हिस्सा शहरात उतरवण्याची सक्ती होती, त्यावर गेंट पोसले. तिथल्या दर्शनी भिंतींचा बराच भाग १९१३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने नव्याने सजवलेला आहे, हे छायाचित्रे काढणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

— गेंटमधील एक सभासद

—

काकांच्या पत्राला थोडी पुस्ती जोडतो. घंटामनोऱ्यात सुरुवातीच्या पायऱ्या चढल्यावर लिफ्ट मिळते. ग्राव्हनस्टेन किल्ल्यात मात्र सगळ्या अरुंद दगडी पायऱ्याच आहेत, त्यामुळे ज्येष्ठांनी तो बाहेरून पाहिलेला बरा. शिवाय कुणी गेंटकर स्वतःला ‘फासवाले’ म्हणवून घेताना दिसला, तर दचकू नये. १५४० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने, जो जन्माने गेंटचाच होता, कराविरुद्धच्या बंडाची शिक्षा म्हणून इथल्या प्रतिष्ठितांना गळ्यात फास अडकवून अनवाणी क्षमा मागायला लावली होती. ते नाव हे लोक आजही मिरवतात.

— एक सभासद

—

दोघांचेही आभार. सहल शनिवारऐवजी शुक्रवारी ठेवली, तर किती जणांना रजा मिळू शकेल, ते रविवारपर्यंत कळवावे.

— सहल समितीच्या वतीने