सोफा नुसता पाहायला जाण्याचे पैसे घ्यावेत का?

कुशनवाला, कोथरूड
माझे सोफादुरुस्तीचे छोटे दुकान आहे. मी, एक कारागीर आणि एक शिलाई मशीन, एवढाच पसारा. गेल्या महिन्यापासून घरी येऊन सोफा पाहण्याचे आणि खर्चाचा अंदाज लिहून देण्याचे मी ३०० रुपये घेतो आणि काम मिळाल्यास ते बिलातून वजा करतो. फोनवर हे सांगताच ‘पाहायचेही पैसे?’ असे म्हणून बरेच जण फोन ठेवतात.

हे कशावरून सुरू केले ते सांगतो. वाघोलीला एक तीन सीटचा सोफा पाहायला गेलो होतो. जाऊन-येऊन सुमारे चाळीस किलोमीटर आणि वर नगर रस्त्यावरची गर्दी, म्हणजे दुपार तिथेच संपली. सोफा उलटा करून तळाच्या काळ्या कापडाच्या कोपऱ्यातल्या तीन पिना काढल्या आणि आत टॉर्च मारली, तर पट्टे सैल पडलेले आणि मागची आडवी पट्टी किडीने अशी पोखरलेली, की बोट लावताच भुसा गळावा. ५४ इंच पन्न्याचे कापड ११ मीटर, मोठ्या नक्षीचे घेतल्यास जुळणीसाठी दीड मीटर जास्त, असा सगळा हिशेब कागदावर लिहून दिला. चार दिवसांनी ओळखीच्या कापडवाल्याचा फोन आला, की माझ्या अक्षरातला तोच कागद घेऊन दुसराच कारागीर त्याच्याकडे कापड फाडून घेत होता.

तीन ठिकाणी विचारणारी
आपल्या दुपारबद्दल सहानुभूती आहे, पण ग्राहकाच्या बाजूनेही पाहावे. मी नेहमी तिघांकडून दर मागवते. तिघांनीही आपल्यासारखे केले, तर टाका पडण्याआधीच माझे ९०० रुपये जातील. शिवाय जो माणूस सोफा पाहणार, त्यालाच काम मिळणार असते. ‘सगळाच फोम गेलाय’ असे तो सांगतो, तेव्हा ते निदान असते की विक्री, हे मला कसे कळावे? त्या विक्रीचे तिकीट मीच का काढावे? व्हॉट्सअ‍ॅपवर चार फोटो मागवा आणि आकडा सांगा.

जुना कारागीर, ठाणे
मीही पैसे घेण्याच्या विरोधात आहे, मात्र माझे कारण धंद्याचे आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या सगळ्या भेटी मी एकाच रविवारी उरकतो, त्यामुळे पेट्रोल विभागले जाते. घरात पाऊल टाकल्यावर सोफ्याशिवाय बरेच काही दिसते. एकदा दोन सीटचा सोफा पाहायला गेलो आणि परतताना आठ डायनिंग खुर्च्यांचे काम घेऊन आलो. ३०० रुपयांसाठी तो दरवाजाच बंद झाला, तर नुकसान कोणाचे?

हिशेबी
‘मोफत अंदाज’ हा शब्दच मला फसवा वाटतो. समजा, दहा घरी गेल्यावर चार कामे मिळतात. मग उरलेल्या सहा फेऱ्यांचा खर्च त्या चार ग्राहकांच्याच बिलांत कुठेतरी दडलेला असणार, म्हणजे काम देणारा माणूस नुसत्या चौकशा करणाऱ्यांचे पेट्रोल भरतो. म्हणूनच धागाकर्त्याचे वजावटीचे गाजरही मला पटत नाही. पाच किलोमीटरच्या आत प्रवासाचे काही घेऊ नये, त्यापुढे अंतरानुसार घ्यावे, आणि लेखी अंदाजाचे पैसे काम मिळो वा न मिळो, वेगळे घ्यावेत.

कुशनवाला, कोथरूड
फोटोवरून ढोबळ आकडा मी आजही फुकटच देतो. पण फोटोत कापडाखालचा फोम ३२ डेन्सिटीचा आहे की ४० चा, हे दिसत नाही. एका घनमीटरला ३२ किलो आणि ४० किलो हा फरक फोम प्रत्यक्ष तपासल्यावरच कळतो, आणि रोज बसण्याच्या सीटला हलका फोम वापरला, तर तो लवकर खड्डा धरतो. फोटोवरून ठरवलेला दर सोफा उघडल्यावर वाढवला, की ग्राहकाला वाटते आपण फसलो. ते भांडण मला ३०० रुपयांपेक्षा महाग पडते.

ठाण्याच्या काकांना एवढेच सांगतो, की रविवारची युक्ती घेण्यासारखी आहे, पण एका बाजूच्या पुरेशा चौकशा जमेपर्यंत माझा ग्राहक थांबत नाही. वजावटीबद्दल मात्र ‘हिशेबी’ यांचे म्हणणे विचार करायला लावणारे आहे. पैसे घेऊन दिलेला कागद ग्राहकाचा झाला, तो त्याने कुठेही न्यावा. वाघोलीचा राग कागद नेल्याचा नव्हता, फुकट नेल्याचा होता.

तीन ठिकाणी विचारणारी
कागदावर फोमची डेन्सिटी, जाडी आणि कापडाचे मीटर स्पष्ट लिहून मिळणार असतील, आणि शुल्क फोनवरच सांगितले जाणार असेल, तर ३०० रुपये मी एकाला देईन. तिघांना तरीही देणार नाही. आता एक सांगा. तुमच्या कागदाप्रमाणे मी ११ मीटर कापड आणले आणि ते कमी पडले, तर वरचे कापड कोणाच्या खर्चाने आणायचे?

कुशनवाला, कोथरूड
माप माझे असेल, तर खर्च माझा. मात्र कागदावर साधे कापड लिहिलेले असताना आपण मोठ्या फुलांचे आणलेत, तर वरचा दीड मीटर आपला.