‘ट्रॅडिशनल ओनर’ला मराठीत काय म्हणाल?

यराकाठ : मेलबर्नच्या आमच्या गणेशोत्सवात कार्यक्रमाआधी ही भूमी ज्यांची, त्या वुरुंजेरी या इथल्या मूळ रहिवाशांना वंदन करतात. यंदा निवेदन मराठीत करायचं ठरलं आणि ‘ट्रॅडिशनल ओनर्स’पाशी गाडी अडली. मी ‘पारंपरिक मालक’ लिहिलं. तालमीला बसलेले एक काका म्हणाले, “मालक? मग भाडं कोणाला देतो आपण?” दुसरा शब्द सुचवा.

सातबारा : काकांचं हसण्यावारी नेऊ नका. मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकाचं भाडं द्यावं लागतंच की! २६ ऑक्टोबर १९८५ला सरकारने उलुरूची मालकी तिथल्या मूळच्या आनंगू लोकांना परत केली आणि त्यांनी ती जमीन लगोलग ९९ वर्षांच्या कराराने राष्ट्रीय उद्यानासाठी भाड्याने दिली. उद्यानाच्या मंडळात बहुमत आनंगूंचं. त्याच मंडळाने ठरवलं म्हणून २०१९पासून उलुरूवर चढणं बंद झालं. मालक आणखी वेगळा काय असतो?

शुद्धमती : ‘मालक’ अरबी. ‘भूस्वामी’ म्हणा.

सातबारा : भूस्वामी म्हटलं की मला एखादा बिल्डर दिसतो. त्यापेक्षा ‘मिरासदार’ घ्या. मिरास म्हणजे वारसा. उपरी म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणारा, आज आहे, उद्या नाही. मिरासदार गाव सोडून गेला तरी परत येऊन हक्क सांगायचा. (हाही अरबीच, शुद्धमतीताई, माफ करा.)

यराकाठ : मिरास विकता यायची ना? इथे तीच तर मेख आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या नॉर्दर्न टेरिटरीच्या १९७६च्या कायद्याने मूळ रहिवाशांना परत मिळालेली जमीन विकताच येत नाही. त्या कायद्यात मालक कोण, तर तिथल्या पवित्र जागांची जबाबदारी ज्या कुळाकडे आहे ते. आधी जबाबदारी, मग शिकारीचा आणि कंदमुळांचा हक्क.

तळकोकणी : मग ‘राखणदार’! एवढा सरळ शब्द असताना कुठे फिरताय?

म्हादई : अहो, राखणदार म्हणजे आमच्याकडे गाव राखणारं दैवत, त्याला आम्ही नारळ ठेवतो. स्टेजवरून जिवंत माणसांना राखणदार म्हणणार? गोव्यातला ‘गावकार’ बघा. जमीन अख्ख्या गावकारीची, एकट्याच्या नावावर नाही.

तळकोकणी : काजूच्या बागेत रात्रभर बॅटरी घेऊन बसतो तो कोण मग? तोही राखणदारच, आणि सकाळी चहा मागतो.

भाषावेडी : मुळात एकच शब्द पुरणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या तानामी वाळवंटातल्या वार्लपिरी लोकांत दोन शब्द आहेत. बापाकडून जमिनीशी नातं असतं ते ‘किर्दा’, आईकडून असतं ते ‘कुर्दुंगुर्लु’. विधीत किर्दा नाचणार, पण त्यांच्या अंगावरची नक्षी, तयारी आणि सगळं रीतीप्रमाणे होतंय की नाही यावर डोळा कुर्दुंगुर्लुंचा. म्हणजे जमीन मामाची, देखरेख भाच्याची. यातला ‘ओनर’ कोणता? माझ्या मते दोघे.

सातबारा : आमच्याकडे मामाच्या जमिनीत भाच्याने डोकावलं तर कोर्टात तारीख पडते.

तळकोकणी : राखण म्हणजे नुसतं बसणं नव्हे, एवढंच मला सांगायचंय. नॉर्दर्न टेरिटरीतल्या आर्नहेम लँडमध्ये पावसाळा सरला की गवतात ओल असतानाच तिथले मूळ रहिवासी थोडं थोडं रान जाळतात. जाळ गुडघ्याएवढा, ओलसर पट्ट्याशी आपोआप विझणारा. त्यामुळे पुढे कडक उन्हाळ्यात वणवा पेटला तरी पसरत नाही. पश्चिम आर्नहेममध्ये तर २००६पासून साधारण २८,००० चौरस किलोमीटरवर हे चाललंय. वणव्यातून सुटणारे हरितगृह वायू जितके कमी होतात त्याचे त्यांना पैसे मिळतात. आपल्या राबासारखंच.

म्हादई : राबासारखं कसं? राब भाताच्या रोपांसाठी. शेण, पाला, कवळं पसरून जागच्या जागी भाजायचं.

शुद्धमती : ‘राबणे’ या राबावरूनच आलं. देशी शब्द आहे, बघा.

भाषावेडी : पुरावा?

शुद्धमती : कधी राब भाजला असता तर पुरावा मागितला नसता.

तळकोकणी : आमच्याकडे त्याला भाजावळ म्हणतात. राब म्हणजे नुसता जाळायचा माल.

म्हादई : आणि जिथे भाजतात ती जागा?

तळकोकणी : दाढ.

सातबारा : मावळात रोपवाटिकेलाही राबच म्हणतात. दाढ फक्त दुखते.