क्रोशाचे पॉटहोल्डर: हात भाजतोच आहे, मदत हवी आहे (चवथ दहा दिवसांवर!)

आबोली_म्हापसा:
पॉटहोल्डर आणि भांडी पुसायची फडकी क्रोशावर करते आहे. चवथीला (गणेश चतुर्थीला) घरी येणाऱ्यांना द्यायची आहेत, १२ पॉटहोल्डर आणि १२ फडकी. तीन पॉटहोल्डर झाले, तिन्ही फुकट. तव्याची मूठ धरली की चार मोजायच्या आत चटका बसतो. कडा वर वळतात. फडकं चौकोनी सुरू केलं, ते वर जाता जाता चिंचोळं झालं. टाके घट्टच आहेत, सैल नाहीत. कोणता टाका घालू एवढंच सांगा, बाकी क्रोशा येतो मला. जरा लवकर.

दोरेवाली:
दोरा कोणता, किती पदरी, सुई किती मिमी, आता कोणता टाका घातला आहेस, एकेरी केलंस की दुहेरी? हे कळल्याशिवाय टाका सांगून काय उपयोग?

आबोली_म्हापसा:
कॉटन. सुई साधी, स्टीलची. टाका खांब. एकेरीच, दुहेरी कशाला?

फोंड्याचा_बाबलो:
एवढे कष्ट कशाला गो बाये? सांडशी घे. साठ-सत्तर रुपयांत येते, धुवायची कटकट नाही.

दोरेवाली:
सांडशीने केकचा टिन ओव्हनमधून काढून दाखवा बाबलोभाऊ. पातोळ्यांचं मोदकपात्र उतरवायलाही दोन्ही हातच लागतात.

आके_पासून_नाके:
खांब हाच घोटाळा आहे. खांब उंच टाका, दोन खांबांमध्ये फट राहते आणि बोटाचं टोक नेमकं त्या फटीत जाऊन धातूला लागतं. पॉटहोल्डरला मुका खांब (बुटका, फट न राहणारा टाका) घाल, फार तर अर्धा खांब. जाळीचा कोणताही नमुना नको, अननस नको, शिंपला नको. ते टेबलावर शोभेला.
आणि सुईचं ‘साधी’ म्हणजे काय? दांड्यावर आकडा कोरलेला असतो तो वाच. बारीक लेसच्या स्टील सुया दीड-दोन मिमीच्या असतात. त्यांनी आठपदरी दोरा विणला तर कापड पुठ्ठ्यासारखं होतं आणि कडा वळणारच. आठपदरीला ४ मिमी घे. हात घट्ट असेल तर साडेचार.

आबोली_म्हापसा:
आकडा ६ आहे. मिमी लिहिलेलं नाही. दोरा जाडच आहे. कसा विणायचा हे बघत नाहीये मी, हात का भाजतो ते सांगा.

आके_पासून_नाके:
स्टीलच्या सुयांचा नंबर उलटा चालतो, आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. ६ नंबरवर जाड दोरा म्हणजे टाका ओढून ओढून काढत असणार तू. वर कडा का वळतात म्हणून विचारतेस!

वेलिंगकरीण_नव्हे:
मुद्द्यावर या. कॉटन म्हणजे दोऱ्याच्या कागदावर नक्की काय लिहिलंय? शब्दशः लिही.

आबोली_म्हापसा:
मिल्क कॉटन. दुकानात म्हणाले कॉटनच आहे, फक्त मऊ. खरंच अगदी मऊ आहे, रंगही छान. अजून एक, तव्याच्या कडेला काळं चकचकीत काहीतरी चिकटलंय. ते याच्यामुळे का?

वेलिंगकरीण_नव्हे:
हो, याच्यामुळेच. तीन पोस्टींनंतर सांगतेस हे!
मिल्क कॉटन नावाने जे मिळतं त्यात बहुतेक वेळा ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा, मिसळलेला असतो. बाळाच्या टोपीला छान, तव्याला अजिबात नाही. सूत तापलं तर करपतं, पिवळं-तपकिरी होतं, पण वितळत नाही. ॲक्रिलिक मऊ पडून चिकटतं. तव्याला चिकटलं तसंच बोटाला चिकटेल, आणि ती भाजणूक साध्या चटक्यापेक्षा वाईट.
तपासायला बोटभर दोरा काप, चिमट्यात धर, खिडकी उघडी ठेवून सिंकवर पेटव. शुद्ध सूत ज्योतीत सरळ पेटतं, कागद जळल्यासारखा वास येतो, मागे राखाडी राख उरते आणि चिमटीत धरली की तिची पूड होते. ॲक्रिलिक असेल तर दोरा ज्योतीपासून आक्रसत मागे जातो, काळा धूर, उग्र वास, आणि टोकाला काळा कडक मणी. नखाने दाबून बघ (गार झाल्यावर!). पूड झाली नाही, मणी राहिला, तर झालं.
तव्यावरचं जाळून काढायला जाऊ नकोस, ॲक्रिलिकच्या धुरात सायनाइडचा वायू असतो. तवा पूर्ण गार कर, उलथण्याने खरवड, मग मीठ आणि काथ्याने घास, शेवटी तेल लावून तापव. बिडाचा असेल तर हे सगळं सोसेल. नॉनस्टिक असेल तर मात्र उलथणं लावू नकोस.

शेवंतीची_वेणी:
मला विचाराल तर दोरा कोणताही चालतो, मधे अस्तर घालायचं. जुना टॉवेल किंवा रजईतला पॉलिस्टरचा कापूस.

वेलिंगकरीण_नव्हे:
जुना टॉवेल ठीक, सुती असेल तर. पॉलिस्टरचा कापूस म्हणजे आधीच्याच रोगाला दुसरं नाव. तोही वितळतो.

दोरेवाली:
आता ‘दुहेरी कशाला’ याचं उत्तर. उष्णता अडवते ती टाक्यांच्या मधली कोंडलेली हवा. एकेरी कापड हाताने दाबलं की ती हवा जाते आणि दोऱ्याच्या जाडीखेरीज हातात काही उरत नाही. दुहेरी करायच्या दोन पद्धती.
एक, जाड टाका: चालू ओळीतल्या टाक्याचा एकच धागा आणि त्याच्या मागे खालच्या ओळीचा मोकळा राहिलेला धागा, असे दोन्ही एकदम सुईवर घेऊन मुका खांब. कापड आपोआप दुप्पट जाड होतं. पण फार सावकाश वाढतं आणि दोरा खातं. दहा दिवसांत १२ होणार नाहीत.
दुसरी, होडीची. साखळी घाल, एका बाजूने सगळीकडे मुके खांब, टोकाला वळून साखळीच्या दुसऱ्या बाजूने मुके खांब, आणि तसंच गोल गोल फिरत राहा. ओळ संपवायची नाही, वळायचं नाही, टोकाला वाढही करायची नाही. पहिल्या टाक्याला वेगळ्या रंगाची दोऱ्याची खूण बांध, नाहीतर फेऱ्या मोजता येणार नाहीत. पिशवीसारखं उभं राहील. पिशवीची उंची साखळीच्या लांबीच्या निम्मी झाली की थांब, तोंड तिरकं दुमड, दोन्ही कडा जुळतात, मधोमध कर्णावर शिव. दुहेरी चौकोन तयार.

आके_पासून_नाके:
माप असं काढ. साखळी चौकोनाचा कर्ण होते. १८ सेंमीची बाजू हवी तर साखळी साडेपंचवीस सेंमी (१८ गुणिले १.४१४). आठपदरी सूत, ४ मिमी सुई, मुका खांब, तर १० सेंमीत साधारण १७ टाके बसतात. म्हणजे ४३-४४ साखळ्या. फेरी ८८ टाक्यांची, उंची पावणेतेरा सेंमी, म्हणजे अंदाजे २५ फेऱ्या. २२०० टाके झाले. मिनिटाला २० टाक्यांचा हात असेल तर एक पॉटहोल्डर शिवण धरून दोन तास. १२ नगांना २४ तास. रोज अडीच तास बसलीस तर दहाव्या दिवशी रात्री सुटशील आणि फडकी राहतीलच. म्हणून सहा-सहा कर.
दोरा एका पॉटहोल्डरला ४०-५० ग्रॅम धर. एकाच लॉटचा घे, नाहीतर रंगाची छटा बदलते.

आबोली_म्हापसा:
सहा नाही, बाराच हवेत. बरं, दोरा जाळून बघितला. मणी झाला. आता शुद्ध सूत कुठे मिळेल? म्हापशात?

फोंड्याचा_बाबलो:
शुक्रवारच्या बाजारात बघ. पण तिथे कागद न लावलेल्या लडी असतात, त्यामुळे काडेपेटी घेऊन जा. (दुकानदार हाकलेल.) सांडशीही तिथे मिळते.

सासष्टीचें_सूत:
मडगावला न्यू मार्केटमध्ये, पणजीला १८ जून रस्त्यावर दोऱ्याची दुकानं आहेत. मर्सराइज्ड मागा, चकाकी छान येते.

दोरेवाली:
फडक्यांना मर्सराइज्ड नको. पाणी शोषत नाही.

सासष्टीचें_सूत:
चुकीची समजूत. मर्सरायझेशन म्हणजे सुताला कॉस्टिक सोड्यात ताणून धरणं. जॉन मर्सरचं पेटंट १८५० चं, ताणून चकाकी आणायची युक्ती पुढे १८९० मध्ये हॉरेस लोवने दिली. सोड्यात तंतू फुगतो, उलट जास्त ओलावा घेतो. रंगही जास्त धरतो.

दोरेवाली:
तंतूचं बरोबर, दोऱ्याचं नाही. हा दोरा घट्ट पिळलेला असतो, वरची लव जाळून काढलेली असते. त्यामुळे ओट्यावर सांडलेलं पाणी आत शिरायला वेळ लागतो. साधं लव असलेलं सूत पटकन ओढतं. पॉटहोल्डरला तुमचं मर्सराइज्ड, फडक्याला माझं साधं. भांडण मिटलं.
आणि कोणतंही नवं सूत पहिल्या धुण्यात पाणी झटकतंच, वर मेण आणि तेलकटपणा असतो. दोन-तीन धुण्यांनी जातो. कपड्याला मऊपणा देणारं द्रव्य घालू नका, तंतूवर थर बसतो आणि सगळं मुसळ केरात.

शेवंतीची_वेणी:
लाल रंग घेतला तर आधी मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात भिजवायचा, रंग पक्का होतो.

आके_पासून_नाके:
होत नाही. गिरणीत रंगवलेल्या सुताला घरचं मीठ काही करत नाही. सुटणारा रंग सुटून जाऊ द्यावा लागतो, पाणी स्वच्छ येईपर्यंत थंड पाण्यात खळबळ. आणि एक नमुना १० x १० सेंमीचा विणून गरम पाण्यात धू, वाळव, मोज. सूत पहिल्या गरम धुण्यात आटतं. ९ झाला तर साखळी त्या हिशोबाने वाढव.

सासष्टीचें_सूत:
आकार टिकवायला पेजेच्या पाण्याची खळ द्या. इस्त्री केल्यावर कडक बसतं.

दोरेवाली:
भेट द्यायची वस्तू शोभेची असेल तर द्या. पावसात खळीवर बुरशी चढते आणि झुरळं येतात ती वेगळीच. स्वयंपाकघरात नको.

आबोली_म्हापसा:
फडकं चिंचोळं का होतंय ते कोणीच सांगितलं नाही.

वेलिंगकरीण_नव्हे:
कारण प्रत्येक ओळीत शेवटचा टाका सुटतो. खांबाच्या ओळीत वळताना ज्या तीन साखळ्या घालतेस तो पहिला खांब धरला जातो. पुढच्या ओळीचा शेवटचा खांब त्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर घालावा लागतो, आणि ती जागा नीट दिसत नाही. ओळीला एक टाका गेला तर २० ओळींत २० गेले. मुक्या खांबात उलट, वळताना एकच साखळी आणि ती मोजायची नाही. इंग्रजी व्हिडिओ बघत असशील तर आणखी एक घोळ: अमेरिकेत ज्याला सिंगल म्हणतात त्याला ब्रिटनमध्ये डबल म्हणतात. दोन्हीकडे तो आपला मुका खांबच. पहिल्या पाच ओळी मोजून काढ.
कडा वळायचं आणखी एक कारण म्हणजे पायाची साखळी घट्ट असते. ती साडेचारच्या सुईने घाल, मग ४ वर ये. काठ विणताना प्रत्येक कोपऱ्यात तीन टाके.
फडक्याला मुका खांब, एक साखळी, एक टाका सोड, पुढच्या ओळीत साखळीच्या फटीत मुका खांब. २२ सेंमीच्या फडक्याला २५-३० ग्रॅम पुरतात. वॅफलचा (खोल चौकड्यांचा) नमुना सुंदर दिसतो पण आपल्याकडच्या पावसात दोन दिवस ओला राहतो आणि वास मारतो. पातळ, मोकळं विणलेलं लवकर वाळतं.

शेवंतीची_वेणी:
वासावरून आठवलं, फडक्याला हळदीचा डाग पडला आणि साबण लावल्यावर तो लाल झाला. दोऱ्याचा रंग गेला का?

दोरेवाली:
हळद क्षारात लालसर होते, साबण क्षारयुक्त. खळबळल्यावर परत पिवळी होते. ऊन लागलं की डाग फिका पडतो, श्रावणात ऊन सापडलं तर. खोबरेल तेलाचा खवट वास आला तर भांड्यात धुण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा. पांढऱ्यांसाठी, रंगीत वेगळं.

आके_पासून_नाके:
आबोली, चिठ्ठीवर एक ओळ लिहून दे: ओल्या पॉटहोल्डरने गरम भांडं धरू नये. कोंडलेल्या हवेच्या जागी पाणी शिरतं, पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त उष्णता पोचवतं, शिवाय त्याची वाफ होते. मोदकपात्राचं झाकण पुसलेल्या फडक्याने लगेच तवा धरला की नेमकं हेच होतं. टांगायला कोपऱ्यात १२ साखळ्यांचा फास आणि त्यावर १८ मुके खांब, नुसती साखळी ओघळते. जरीचा काठ नको, तापतो.

आबोली_म्हापसा:
दोरा आणला, कागदावर १०० टक्के कॉटन, जाळून राख झाली. नवी सुई ४ मिमी. ४४ साखळ्या २६ सेंमी भरल्या. सात फेऱ्या झाल्या. दोन्ही टोकं वर उचललीत, मधे बोटं आत जातात, होडीसारखं दिसतंय. बिघडलं का परत?

दोरेवाली:
नाही. होडीच व्हायला हवी. १३ सेंमी उंच होईपर्यंत विणत राहा, टोकाला वाढवू नकोस.

फोंड्याचा_बाबलो:
होडी झाली की मांडवीत सोड. आणि एक पॉटहोल्डर माझ्या नावाने राखून ठेव, सांडशीची मूठ ढिली झालीय.