ग्रिलला बाटल्या टांगून कोशिंबिरीची भाजी: कशी लावू?

खिडकीतली_बाग (डोंबिवली)
नमस्कार मंडळी. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनी दक्षिणेला आणि जेमतेम चार फुटी. खाली वॉशिंग मशीन आहे, म्हणजे मोकळी जागा ग्रिललाच. तेलाचे ५ लिटरचे कॅन आणि कोल्ड्रिंकच्या २ लिटरच्या बाटल्या बऱ्याच साठल्यात. एकाखाली एक टांगून लेट्यूस (सॅलडची पानं), कोथिंबीर, पुदिना, चेरी टोमॅटो लावायचे आहेत. ऑक्टोबर चालू आहे, आत्ता लावू का? भोकं कुठे पाडायची?

मातीवेडा_ठाणे
ताई, धने आजच टाका, फक्त आधी रगडून दोन फाका करा. लेट्यूसला मात्र थोडं थांबा. पारा तिशीच्या वर असला की त्याचं बी नीट रुजत नाही. ऑक्टोबरचा उकाडा ओसरला की पेरा. बियांवर माती लोटू नका, त्यांना उजेड लागतो. नुसतं हलकं दाबून पाणी शिंपडा. दक्षिणेची बाल्कनी थंडीत फार चांगली, सूर्य तिकडे कललेला असल्याने ऊन आतपर्यंत येतं. मार्चपासून लेट्यूस तुऱ्यावर जातं, म्हणजे फुलाचा दांडा काढतं, आणि पानं कडू होतात, म्हणून तोवर मनसोक्त खाऊन घ्या. बाहेरची पानं खुडायची, मधला गाभा ठेवायचा.

बाटली आडवी धरून वरून लांबट तोंड कापा आणि खालच्या बाजूला तापवलेल्या खिळ्याने चार-पाच भोकं पाडा. आता खरी गोम. वरचं पाणी खाली ठिबकतं, त्यामुळे वरची बाटली आधी सुकते आणि सगळ्यात खालची कायम ओली राहते. म्हणून पुदिना तळाला, लेट्यूस मध्ये, वर कांद्याची पात. पाणी घालण्याआधी बोट खालच्या बाटलीतही खुपसून बघा.

नुसती माती भरू नका. ओल्या मातीचा ५ लिटरचा कॅन सहज सात-आठ किलो भरतो. अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बाकी शेणखत आणि थोडी माती. कोकोपीट आधी दोनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. टांगायला जी.आय. तार (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार) वापरा, सुतळी पावसात कुजते. पारदर्शक बाटलीत शेवाळ धरतं, तिला जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळा.

गच्चीवरून_पुणे
चेरी टोमॅटो बाटलीत लावू नका. दुपारपर्यंत रोप मान टाकतं. जुनी दहा लिटरची बादली घ्या आणि ती कोपऱ्यात खालीच ठेवा. रंगाचा किंवा फिनेलचा डबा खाण्याच्या भाजीला कधीच नको, कितीही धुतला तरी.

खिडकीतली_बाग
दोघांचे मनापासून आभार! खालच्या काकूंचे कपडे बरोबर आमच्या ग्रिलखाली वाळत असतात. पाणी पडलं तर? आणि कबुतरं?

मातीवेडा_ठाणे
शेवटच्या बाटलीखाली पसरट डबा तारेने बांधा, साठलेलं पाणी परत वरच्या बाटलीत ओता. पाणी सकाळी घाला, काकू कपडे वाळत टाकायच्या आधी. कबुतरं कोवळी रोपं उपटतात, म्हणून पेरल्याच दिवशी ग्रिलला आतून नायलॉनची जाळी लावा.