मदत हवी आहे: जुन्या जिप्सीत एस्टीमचं इंजिन
वडिलांची १९९१ची मारुती जिप्सी, ९७० सीसी. इंजिन आता फार ऑइल खातंय. गाडी विकायची नाहीच.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर मारुतीच्याच एस्टीम कारचं १.३ लिटरचं जुनं इंजिन पाहिलं, ते बसवायचा विचार आहे. दुकानदार जी१३बीबी (इंजिनाचा मॉडेल कोड), सोळा व्हॉल्व्ह, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन) सांगतो. पण ब्लॉकवरचा नंबर गंजलाय. बाहेरून खात्री कशी करायची? नंबर वाचता आला नाही तर आरसीवर (गाडीच्या नोंदणी पुस्तकात) चढवणार कसा, ही मोठी धास्ती आहे.

एस्टीममध्ये इंजिन आडवं (गाडीच्या रुंदीत), जिप्सीत उभं (लांबीत). म्हणजे संप (खालची ऑइलची टाकी), माउंटिंग, इनटेक मॅनिफोल्ड (हवा आत नेणारे पाइप) जिप्सी किंगचं, म्हणजे नंतरच्या १.३ लिटरच्या जिप्सीचं, शोधावं लागेल ना? जुना गिअरबॉक्स या इंजिनाला जुळतो का? ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि अख्खं वायरिंग सोबतच मागून घेऊ का?

कुणी स्वतः हे काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. मुंबई-ठाण्यातला जाणकार मेकॅनिकही सुचवा.