पुन्हा: ओमचं कॉलरबोन, बिलावर सर्जरी कुठून आली?

मंदार:
मंडळी, ढोलताशाच्या सरावात ओम पडला, त्या दिवसाचं इन्शुरन्सचं पत्रक आलं. २३५०० कोड, पुढे चक्क 'सर्जरी', आणि सगळी रक्कम आमच्या डिडक्टिबलवर, म्हणजे विम्याआधी आपण भरायच्या पैशांत. पोराच्या गळ्यात स्लिंग अडकवून घरी पाठवलं होतं, साधी सुईसुद्धा टोचली नाही! बिलिंगमधलं कोणी आहे का? सोमवारी फोन करून भांडणार आहे.

अपर्णा:
या मुद्द्यावर भांडू नकोस, हरशील. २३५०० म्हणजे हाड न उघडता, न ओढता केलेले उपचार. सीपीटीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या उपचारांच्या कोडांच्या, पुस्तकात तो सर्जरीच्या विभागात येतो, म्हणून तसं छापतात. प्लेट बसवली असती तर २३५१५ लागला असता. पण २३५०० मध्ये पुढच्या ९० दिवसांतल्या त्याच डॉक्टरकडच्या नेहमीच्या तपासण्या धरलेल्या असतात. दुसऱ्या भेटीची वेगळी फी लावली आहे का ते बघ. एक्स-रेचे वेगळे पैसे मात्र द्यावेच लागतात. निदानाचा कोड काय आहे?

मंदार:
लावली आहे ना! कोड एस४२.०२२ए, दोन्ही भेटींना तोच.

शोभाकाकू:
बिलं होत राहतील. त्याला आडवा झोपवू नका, पाठीशी उशा लावून टेकवून झोपवा. शर्ट घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. आमच्या वेळी साताऱ्याला पाठीमागून आठच्या आकड्याचा पट्टा आवळायचे, तो मागून घ्या.

शिरीष:
काकू, त्या पट्ट्याने हाड काही लवकर जुळत नाही, काखेत मात्र रुततो. हल्ली साधी स्लिंगच देतात. आणि मंदार, ०२२ म्हणजे डावं ना? मी त्याला उचलला तेव्हा उजवा खांदा धरून रडत होता!

अपर्णा:
बरोबर, उजव्याला ०२१. दोन्हींत हाड सरकलेलं, मधल्या भागात. मग इन्शुरन्सला नको, डॉक्टरांच्या बिलिंग ऑफिसला फोन कर. एक्स-रेच्या रिपोर्टवर बाजू लिहिलेली असते, तो समोर ठेव. दुसऱ्या भेटीत नुसतं हाड जुळतंय का ते पाहिलं असेल, तर शेवटी ए (उपचार चालू) नाही, डी (नंतरची तपासणी) हवा.

सुहास (सचिव):
इन्शुरन्सकडून 'अपघात कुठे झाला' असा फॉर्म येईल. कमिटीला विचारल्याशिवाय त्यात मंडळाचं नाव घालू नये. ढोलताशा पथक स्वतंत्र आहे, हे गेल्या एजीएममध्ये ठरलं आहे.

शिरीष:
वर्गणी मागताना पथक मंडळाचं, पोरगं पडलं की स्वतंत्र! हॉल कोणाच्या नावावर बुक होता?

सुहास (सचिव):
विषयांतर नको.

मंदार:
हॉल बुक होता तिथे झालं, तेच लिहिणार. काकू, उशांचा उपाय लागू पडला. आता एकच प्रश्न, मिरवणुकीत ताशा वाजवू द्यावा का? हट्ट धरून बसलाय.

अपर्णा:
अजिबात नाही. या वयात हाड जुळायला चार ते सहा आठवडे तरी जातात, आणि ताशाचा पट्टा नेमका तिथेच येतो. डॉक्टर हो म्हणेपर्यंत सायकलही बंद.

शोभाकाकू:
मिरवणूक किती वाजता आहे? मागच्या मेलमध्ये दोन वेगवेगळ्या वेळा होत्या.