पोटातच बाळ गेलं तेव्हा: बौद्ध घरांतले अनुभव

बाळ मृत जन्मलं की आपल्या घरांतही सगळे गडबडतात. भन्तेजींना, म्हणजे भिक्खूंना, बोलवायचं का, पुण्यानुमोदन म्हणजे गेलेल्यासाठीचा विधी करायचा का, की गप्प बसायचं? ज्यांनी असं घर सावरलं, किंवा ज्यांना कुणी सावरलं, त्यांनी लिहावं. काय बोललात यापेक्षा काय केलंत ते सांगा.

आत्या, नागपूर
बाळाला कापडात गुंडाळून पुरुष मंडळी थेट निघाली होती. मी दारातच अडवलं, म्हटलं आधी तिला विचारा. भाचीला बघायचं होतं. तिनं मांडीवर घेतलं, जावळावरून हात फिरवला, पायाची बोटं एकेक करून पाहिली. एक बाई कुजबुजल्या, पाहिलं की जीव अडकतो. अडकतोच. न पाहिल्यानं सुटतो थोडाच!

बौद्धाचार्य, मराठवाडा
‘जिवंत जन्मलंच नाही, मग विधी कशाचा?’ हा प्रश्न हमखास येतो. मी त्रिशरण-पंचशील घेतो, मेणबत्ती आईबापाच्या हातून लावतो, थोडक्यात आटोपतो. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या किसा गोतमीची गोष्ट मात्र पहिल्या दिवशी सांगत नाही. भगवंतांनी तरी तिला प्रवचन कुठं दिलं? मोहरी आणायला पाठवलं, तीही ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातली. दारोदार तिला दुःख सोसलेली माणसं भेटली, मग तिचं तिलाच उमगलं. आपण तो फेरा गाळतो आणि थेट अनित्यता समजावायला बसतो. ‘मागच्या जन्मीचं कर्म’ म्हणणाऱ्याला तर मी तिथंच थांबवतो. संयुक्त निकाय या पाली ग्रंथातल्या सीवक सुत्तात भगवंत स्पष्ट सांगतात की पित्त, कफ, वात, ऋतुबदल यांनीही वेदना होतात. सगळं पूर्वकर्मानंच होतं हे म्हणणं चूक.

आई, पुणे
दोन-तीन दिवसांत दूध आलं. असं होईल हे कुणी सांगितलंच नव्हतं. जाऊबाईंनी डॉक्टरांना फोन करून गोळी विचारून घेतली, थंड पट्ट्या ठेवल्या. भेटायला येणारे म्हणायचे, ‘रमाईनं चार लेकरं गमावली, तू धीर धर.’ रमाईंचा फोटो आमच्या बैठकीतच आहे, पण तेव्हा ते वाक्य परीक्षा घेतल्यासारखं वाटायचं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘रमाई पण रडल्याच असतील गं.’ मग मी रडले.

नवरा, ठाणे
बायकोच्या ऑफिसनं गर्भपाताची सहा आठवड्यांची रजा लावली. तेव्हा लागू असलेल्या १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात ‘मूल’ या व्याख्येत मृत जन्मलेलं मूलही होतं. ते कलम छापून नेलं, पूर्ण २६ आठवडे मिळाले. तिच्यात तेव्हा भांडायचं बळ नव्हतं. असली कामं नातेवाइकांनी अंगावर घ्यावीत.

टोकियोहून
इथं झोजोजी मंदिरात जिझोच्या, म्हणजे बाळांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या बोधिसत्त्वाच्या, छोट्या दगडी मूर्तींच्या रांगा आहेत, लाल टोप्या घातलेल्या, शेजारी भिरभिरी. जन्माला न आलेल्या बाळांसाठी आईबाप तिथं येतात. देवपूजा न करण्याच्या, बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या मला मूर्तीपुढं मागणं जमेना. मैत्रिणीसोबत तिच्या बाळासाठी टोपी विणायला मात्र बसले.

शेजारीण, अकोला
तिच्या आईनं विचारलं, डिंकाचे लाडू करू की नको? करा म्हटलं. बाळ नाही म्हणून ती बाळंतीण नाही का? शेक-शेगडी, तेल-मालीश सगळं केलं. अळीव तेवढे वगळले, दूध वाढतं म्हणून.